पाठ टेकली म्हणून हरली?



अंकाकडे येणाऱ्या पत्रांत पोटगी, जमीन, दारू, सासर हे विषय नेहमीचेच. यावेळी घुग्घुसमधल्याच एका वाचक मैत्रिणीचे पत्र वेगळे आहे. नवरा कोळसा खाणीत, मुलगी अकरावीला. मुलीने मोबाइलवर ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाची कुस्ती पाहिली आणि हीच शिकायची असा हट्ट धरला. चंद्रपूरला ज्यूदो शिकवणारे एक सर आहेत, ते यातलेही थोडे शिकवतात असे कळले. आजी म्हणते, "पोरीच्या जातीनं असं लोळावं का?" बापाला काळजी की शिकवणारा पुरुष, जोडीला मुलगे, अंगाला अंग लागणार. आणि आईने आपला प्रश्न शेवटच्या ओळीत लिहिला आहे: "हे शिकून ती खरंच वाचेल का?"

पत्राला घरगुती उत्तर मी दिले आहेच. पण हे तीन प्रश्न एका घराचे नाहीत, म्हणून यावेळचे संपादकीय त्यांच्यावर.

आजीबाईंचा प्रश्न तुलनेने सोपा. बाई आखाड्यात उतरली की लोकांना काहीतरी खुपतेच, हे जुने आहे. हमीदा बानूने १९५४ साली बडोद्यात बाबा पैलवानाला दीड-एक मिनिटात चीत केले. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती मात्र स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मोरारजी देसाईंकडे दाद मागितली, तर उत्तर आले की बंदी तिच्या बाईपणामुळे नाही, तिच्यासमोर नकली पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. (पुरुष हरला की तो नकलीच असणार, हे ओघाने आलेच!) पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. महिलांची पहिली स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडला. सांगलीत प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. जानेवारी २०२५ मध्ये ही स्पर्धा आपल्या विदर्भात, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला झाली आणि भाग्यश्री फंडने गदा नेली. तेव्हा आजींना सांगावे, लोळणाऱ्या पोरी आता गदा घेऊन घरी येतात.

हा ब्राझीलचा प्रकार मुळात जपानचा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूतून ज्यूदो घडवला, त्यांच्या परंपरेतला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, तिथल्या ग्रेसी घराण्याने त्याची विद्या उचलली आणि उभ्या झुंजीपेक्षा जमिनीवरच्या झुंजीवर भर देत वाढवली. विद्या घराण्याची म्हणजे पुरुषांची, हे आपल्या तालमींसारखेच. यव्होन दुआर्ते या स्त्रीला काळा पट्टा मिळाला तो १९९० साली.

पण बायकांनी त्याआधीच ही विद्या आपल्या कामाला लावली होती. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना पोलीस सभांतून फरफटत नेत, तेव्हा पाच फुटांनाही कमी भरणाऱ्या एडिथ गॅरड यांनी त्यांना जुजुत्सू शिकवले आणि १९१३ च्या सुमारास पुढाऱ्यांना पोलिसांपासून वाचवणारे बायकांचे पथकच उभे राहिले. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी गुरूंना शांतिनिकेतनात आणले आणि तिथे मुलीही शिकल्या. अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन त्यांतल्याच. शंभर वर्षे होत आली या गोष्टीला.

आता या प्रकाराचे वेगळेपण काय ते सांगते, कारण मला त्यातच खरा रस आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की संपले, अस्मान दिसले. जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावर अर्धा खेळ सुरू होतो. खाली पडलेलीने पाय वरच्याच्या कमरेभोवती किंवा मध्ये घालून त्याला लांब धरायचे, त्याला ते 'गार्ड' म्हणतात. तिथून त्याचा हात पकडता येतो, मान आवळता येते, त्याला उलटवता येते. उलटवले तर दोन गुण. वरच्याला तो पायांचा अडसर ओलांडायचा असेल तर कष्ट करावे लागतात, म्हणून त्याला तीन गुण. छातीवर बसला तर चार. आणि छातीवर बसलेल्याखालून सुटायचे शिक्षण पहिल्याच आठवड्यापासून असते: टाचा जवळ घ्यायच्या, कमरेची कमान करून त्याचा तोल घालवायचा, कुशीवर व्हायचे, कंबर मागे सरकवायची, गुडघा मध्ये आणायचा. यात जोर कमी, वेळ आणि कोन जास्त. हीच हालचाल शेकडो वेळा करायची. कंटाळवाणे आहे. तीन महिन्यांत काहीच येत नाही असे वाटते आणि ते बरेचसे खरेही असते.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. डाव बसला, दुखायला लागले, की समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर हाताने थापटायचे. त्या क्षणी सोडायचे. का सोडू, आता तर मजा येत होती, तूच तर खेळायला आलीस, असले काही चालत नाही. बोलता येत नसेल, गळा आवळलेला असेल, तरी दोन थापा पुरतात. ज्याने सोडले नाही त्याच्याशी पुन्हा कोणी खेळत नाही, आणि चांगला शिक्षक त्याला घरी पाठवतो. मुलगे-मुली एकत्र शिकतात तिथे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी वीस वेळा शिकतो की समोरचीने थांब म्हटले म्हणजे थांबायचे. आपण किशोरवयीन मुलांच्या शिबिरांत फळ्यावर 'संमती' हा शब्द लिहून दोन तास बोलतो. त्याच्या बरोबरीने हेही व्हावे असे मला वाटते.

म्हणून बापाच्या प्रश्नातला 'मुलगे जोडीला' हा भाग मला भीतीचा वाटत नाही. शिकवणाऱ्याचा भाग मात्र गंभीर आहे. प्रशिक्षकाच्या हाती खेळाडूचे सगळे असते: निवड, प्रवास, शिबिरातली खोली, आईबापांशी बोलणे. आणि या खेळात स्पर्श हे शिकवण्याचे साधनच आहे, त्यामुळे वाईट हेतूला आडोसा सहज मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि त्यांचे सहकारी जंतरमंतरवर बसले, तेव्हा आरोप थेट भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर होते. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा बसावे लागले, सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे २८ एप्रिलला गुन्हा नोंदला गेला. २८ मे रोजी त्यांना रस्त्यावरून उचलून नेतानाची छायाचित्रे आपण सगळ्यांनी पाहिली. ऑलिम्पिक खेळलेल्या बायकांची ही गत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साक्षीने टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. मे २०२४ मध्ये न्यायालयाने सिंह यांच्यावर आरोप निश्चित केले. त्यांनी ते नाकारले. अल्पवयीन मुलीच्या तक्रारीवरून झालेला पॉक्सोचा खटला मात्र मे २०२५ मध्ये बंद झाला.

हे आठवून 'म्हणून मुलीला पाठवू नका' असे म्हणणे म्हणजे चोराला सोडून घरालाच कुलूप लावणे. कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेचे आणि सरावाचे ठिकाण स्पष्ट शब्दांत आले आहे. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. छोट्या तालमीत, जिथे एक सर आणि एक शिपाई, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो आहेच. पालकांनी प्रवेशाचा अर्ज भरतानाच विचारावे: तक्रार कोणाकडे करायची? दार उघडे ठेवून सराव होतो का? आईला बसून पाहता येते का? बाहेरगावी स्पर्धेला मुलींबरोबर कोण बाई जाते? हे प्रश्न ऐकून ज्या सरांना राग येतो, त्यांच्याकडे पाठवू नये.

राहिला आईचा प्रश्न. हे शिकून ती वाचेल का?

याचे उत्तर देताना या जंगलपट्टीत राहणारी कोणतीही बाई देसाईगंज विसरू शकत नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज तेव्हा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते, गडचिरोली वेगळा झाला १९८२ मध्ये. पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन शिपायांनी अत्याचार केल्याचा तो खटला, मथुरा प्रकरण म्हणून देशाला ठाऊक असलेला. उच्च न्यायालयाने शिपायांना दोषी धरले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि त्यातले एक महत्त्वाचे कारण असे की तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. ती लढली नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती! उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये न्यायालयाला खुले पत्र लिहिले, बायका रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे वाक्य कायद्याच्या कलमात यायला मात्र २०१३ साल उजाडले.

म्हणून आत्मसंरक्षणाच्या वर्गांबद्दल माझ्या मनात नेहमी एक अढी असते. शाळेत तीन महिन्यांचे प्रशिक्षण होते, पाहुण्यांसमोर मुली हवेत लाथा मारून दाखवतात, फोटो निघतो. वाईट काही नाही त्यात. पण 'मुलींनो, सक्षम व्हा' म्हणताना सुरक्षिततेचा सगळा भार हळूच मुलीच्या खांद्यावर सरकतो. उद्या काही झाले की विचारणार, तू तर शिकली होतीस ना? मग का नाही मारलंस? भीतीने अंग गोठते, आवाज फुटत नाही, हे शिकलेल्या बाईचेही होते. पोलीस ठाण्यात वर्दीसमोर, घरात सासऱ्यासमोर, कंत्राटदारासमोर डाव चालत नाही, कारण तिथे पकड हाताची नसतेच.

तर त्या आईला मी प्रामाणिकपणे लिहिले, वाचेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्याचा वर्ग लावू नका. शिकवायचे ते मुलीला आवडते म्हणून. कोणाचे वजन अंगावर आले तरी श्वास चालू ठेवता येतो, हे तिच्या अंगाला कळेल. आपल्या मुलींना बसताना आवर, चालताना आवर, असे शिकवून आपण त्यांचे शरीर त्यांच्यापासूनच लपवतो. घामाने भिजलेली, थकलेली, हरलेली आणि उद्या पुन्हा जाणारी मुलगी ही मला स्वतःतच पुरेशी गोष्ट वाटते. स्पर्धेत उतरली तर आणखी चांगले. वजनगट असतात, पट्ट्याप्रमाणे गट असतात, पांढऱ्या पट्ट्याच्या मुलीसमोर काळा पट्टा येत नाही. आशियाई खेळांत २०१८ पासून जुजुत्सू आहे.

आता पैशाचे. चटया महाग, चंद्रपूरचे रोजचे एसटीचे भाडे महाग, पोशाख महाग. आणि आपले गाव गरीब नाही, हेही लक्षात घ्या. कोळसा, सिमेंट, लोखंड, सगळे इथून जाते. इथे राहते ती धूळ; आणि २६ ऑगस्ट २०२२ ला आमराई वॉर्डात जुन्या खाणीच्या पोकळीत एक आख्खे घर गडप झाले, ती पोकळी. खाणींमुळे बाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी येतो आणि महिला व बालकल्याण हा त्याच्या प्राधान्याच्या विषयांत आहे. त्यातून घुग्घुसला मुलींसाठी चटया घातलेला एक हॉल, शक्यतो बाई प्रशिक्षक, दाराशी तक्रार समितीच्या सदस्यांची नावे लिहिलेला फलक, आणि संध्याकाळी सातनंतर वस्तीपर्यंत दिवे, एवढी मागणी आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे करत आहोत. अर्जाचा मसुदा तयार आहे. पुढच्या बैठकीला येताना आपल्या मुलींनाही आणा, सह्या त्यांच्याही हव्या आहेत.