‘भाषाद्रोहा’चे आरोपपत्र

किरण नगरकर २०१९ मध्ये निवर्तले. त्यांच्यावरील भाषाद्रोहाचा आरोप मात्र निवर्तलेला नाही. १९७४ मध्ये ‘सात सक्कं त्रेचाळीस’ लिहिणारा हा कादंबरीकार पुढे इंग्रजीकडे वळला, एवढ्यावरच त्याचा निकाल लावला जातो. मग अरुण कोलटकरांचे काय? त्यांची ‘जेजुरी’ १९७६ मध्ये इंग्रजीतच आली. परंतु त्यांची द्वैभाषिकता समृद्धी मानली गेली. कवीचे जे भूषण, तेच कादंबरीकाराचे दूषण कसे ठरते?

‘रावण अँड एडी’ प्रारंभी मराठीतच लिहिली जात होती. मुंबईच्या चाळीत वरखाली मजल्यांवर राहणाऱ्या हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांचे तिच्यातील अनुभवविश्व मराठीला परके म्हणता येईल काय?

कोणत्या भाषेत लिहावे, हा लेखकाचा अधिकार. जे लिहिले ते वाचणे, हे समीक्षेचे कर्तव्य. संहिता बाजूस सारून लेखकाच्या निष्ठेची झडती घेणे, ही समीक्षा नव्हे. कुशंक पुरंदरेच्या निवेदनातील कालक्रमाची मोडतोड मराठी कादंबरीच्या रूपाविषयी कोणते प्रश्न उभे करते, याचे विवेचन आधी व्हावे. ते टाळून लिहिलेल्या आरोपपत्रात आरोपी लेखक नसतो; न वाचणारी समीक्षाच असते.