पलंग सपाट, पण पाय हलते हवेत

अमेरिकेतल्या मुलाकडे पहिल्यांदाच निघालेले आई-वडील आणि मुलाने हौसेने काढलेले बिझनेस क्लासचे तिकीट, हे चित्र आता महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दिसते. निघण्याआधी महिनाभर चर्चा होते ती बॅगांच्या वजनाची, भाजणीच्या पिठाची आणि लोणच्याच्या बरणीची. गुडघे, मधुमेह, रक्तदाब यांचा विषय निघालाच, तर ‘झोपून जायचंय, आता कसली काळजी?’ या वाक्यावर तो संपतो. नेमके हेच वाक्य तपासून पाहायला हवे.

आसन बदलले म्हणून विमानातली हवा बदलत नाही. उड्डाणात केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारा प्रवासी १५-१६ तास कळसूबाईहूनही उंच जागी असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. पण हृदयाचे किंवा फुप्फुसांचे दुखणे असलेल्यांना, तसेच रक्त फारच कमी असलेल्यांना कमी ऑक्सिजन जाणवू शकतो. ही हवा कोरडीही असते. नाक, ओठ आणि डोळे सुकतात ते त्यामुळेच.

दुसरा गैरसमज पायांतल्या गुठळ्यांचा. लांबच्या विमानप्रवासानंतर पायांच्या शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले आणि ही अडचण स्वस्त तिकीटवाल्यांची आहे, असा समज रुजला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा. तरीही तो सहा हजारांत एखाद्याला इतकाच असतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण खरा दोषी तिकिटाचा वर्ग नसून न हलणे आहे. खिडकीशी बसलेले प्रवासी शेजाऱ्याला उठवायचे टाळतात, त्यामुळे त्यांना धोका थोडा अधिक असतो. हाच न्याय सपाट पलंगालाही लागू होतो. जेवणाबरोबर वाइन, वर झोपेची गोळी आणि अंगावर ऊबदार पांघरूण, एवढे जुळून आले की माणूस दहा तास कूसही बदलत नाही.

याचा अर्थ बिझनेस क्लासचे पैसे वाया गेले, असा नाही. कंबरदुखी, संधिवात किंवा पायांना सूज येणाऱ्यांना आडवे होता येणे हा मोठाच दिलासा आहे. प्रश्न आहे तो ही सोय डोळसपणे वापरण्याचा.

जागेपणी दर तास-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या बसल्या टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. जेवल्या जेवल्या पलंग सपाट करू नये; आम्लपित्त असलेल्यांनी तर डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवावी. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावावा. तो दिसला की झोपमोड करावी लागत नाही. विमान उतरू लागण्याआधी जागे व्हावे, कारण झोपेत गिळण्याची क्रिया मंदावते आणि कान गच्च होतात. फुकट मिळणारी दारू आणि झोपेची गोळी एकत्र कधीच घेऊ नये. वयस्कर माणसांना अनोळखी अंधारात अशा गोळीने भ्रम होऊ शकतो, तोल जाऊ शकतो.

अनेक ज्येष्ठ मंडळी, विशेषतः बायका, स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. काहींना आसनाची बटणे विचारायला संकोच वाटतो आणि ते रात्रभर अवघडून बसतात. पाणी मागणे, पलंग करून मागणे, स्वच्छतागृहाचे दार कसे उघडायचे हे विचारणे, यात कमीपणा नाही. मुलांनी आई-वडिलांना विमानतळाचे फोटो पाठवण्याबरोबर हेही आधी समजावून सांगावे.

मधुमेहींनी अधिक जागरूक राहावे. मुंबई आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय टोचू नये. इन्सुलिन आणि रोजची सर्व औषधे हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात दिलेली बॅग हरवू शकते आणि तिथल्या थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, गर्भवती, हार्मोनच्या गोळ्या घेणारे आणि फार स्थूल असलेले, यांनी निघण्याआधी डॉक्टरांना भेटावेच. गरज असल्यास ते पोटरीपर्यंतचे दाबाचे मोजे मापाने देतात. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यांना मात्र हे मोजे अपाय करू शकतात. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ‘रक्त पातळ होण्यासाठी’ ॲस्पिरिन सुरू करणे चुकीचे आहे. केवळ प्रवासासाठी ते घेण्याची शिफारस नाही आणि जठरातून रक्तस्राव होण्याची भीती मात्र खरी आहे.

आणि प्रवास विमानतळावर संपत नाही. गुठळीचा धोका पुढचे काही आठवडे राहतो. दोन्ही पायांना थोडी सूज येणे सामान्य आहे, पण एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर ते ‘प्रवासाचा शीण’ म्हणून घरात झाकू नये. परदेशातल्या उपचारांचा खर्च आणि मुलाला त्रास नको ही भिडस्त वृत्ती, यांमुळेच मौल्यवान वेळ जातो. प्रवास विमा आधीच घ्यावा आणि त्यात जुने आजार लपवू नयेत.

लाखो रुपयांच्या तिकिटासाठी मुले रात्ररात्र संकेतस्थळे धुंडाळतात. आई-वडिलांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे अर्धा तास बसायला मात्र सवड मिळत नाही. तो अर्धा तास हा त्या तिकिटाचाच भाग मानला, तर आई-वडील मुलाच्या दारात स्वतःच्या पायांनी, हसत उतरतील.