माहिष्मतीचा गिलावा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

अद्भुतरम्य गोष्टींचे वेड असलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी शहाणे समजत नाही. दहावीपर्यंत ते पोरवय म्हणून खपून जाते, पण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यावरही टिकले, तर लोक काळजी करू लागतात. मी त्या काळजी करण्याजोग्यांपैकी एक आहे. सुरुवात आजीच्या आटपाट नगरापासून झाली. पुढे शाळेच्या कपाटातले पाने सुटलेले 'चांदोबा'चे अंक हाती लागले, आणि चौथीत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर 'बाहुबली' पाहिला. तेव्हापासून तो किती वेळा पाहिला हे इथे सांगत नाही, कारण हा अंक प्राध्यापकही वाचतात.

म्हणून गेल्या हिवाळ्यात सहल हैदराबादला, रामोजी फिल्म सिटीला जाणार असे कळले तेव्हा मला दोन रात्री झोप आली नाही. नुसते तिकीटच हजारावर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सहल म्हणजे अभ्यास की चैन, हेच घरात कोणाला नक्की ठाऊक नव्हते. आईला रात्रीच्या प्रवासाची धास्ती. आजी तर हैदराबाद म्हटले की अजून निजामाच्या राजवटीतल्या, तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या हकिकती सांगू लागते. आण्णांनी मात्र काही न विचारता दोन हप्त्यांत पैसे दिले.

मुरुडहून निघालेली गाडी लातूर, औसा, उमरगा, जहीराबाद करीत पहाटे हैदराबादेत शिरली. फिल्म सिटी आणखी पुढे, विजयवाड्याच्या रस्त्याला. १९९६ साली रामोजी राव यांनी उभारलेली ही चित्रनगरी जगातील सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात नोंदलेली आहे. लाल बसमधून फिरताना गाडी नसलेले रेल्वे स्टेशन पाहिले, विमान नसलेला विमानतळ पाहिला. ते सारे मी भराभर मागे टाकले. मला माहिष्मती पाहायची होती.

ती दिसली तेव्हा माझे पाय खरोखर जागच्या जागी थांबले. उंच भिंती, हत्ती, दरबाराकडे जाणाऱ्या पायऱ्या, सगळे ओळखीचे. एखाद्या गावी प्रथमच जावे आणि तिथल्या गल्ल्या आधीच पाठ असाव्यात तसे झाले. मी एका खांबाजवळ गेले आणि त्यावर टिचकी मारली. टक् असा पोकळ आवाज आला.

"बघ, तुझी माहिष्मती पोकळ निघाली!" एक मैत्रीण म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या वाटेवर तो आवाज डोक्यातून जाईना. नंतर कॉलेजातही हेच ऐकले. अशा जागी गेले की स्वप्न मोडते, आणि मोडलेलेच बरे. तरुणांनी वास्तव वाचावे, ग्रामीण जीवनावरचे वाचावे, राजा-राणीचे खूळ सोडावे. हे सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही.

याचे कारण सांगायचे तर एक कबुली द्यावी लागेल. प्रवेशअर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले आहे. शेती आहे, पण ती दीड एकर, तीही पावसाच्या भरवशावर. माझे वडील गवंडी आहेत. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पुढे पडलेली गावे नव्या जागी वसवायचे काम निघाले, तिथे आजोबांबरोबर जाऊन त्यांनी आधी माल कालवला, मग थापी धरली. ओळंबा, गुण्या, गिलावा हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. अर्जावर मात्र लिहिले नाहीत.

त्या खांबावर टिचकी मारताना मी गवंड्याचीच मुलगी होते. गिलावा सुटला आहे का हे आण्णा असेच वाजवून बघतात. खांब पोकळ होता, पण त्याच्यावरचे कंगोरे एका रेषेत होते. दगड नसताना दगडाचा रंग, जुनेपण, पावसाने पडतात तसे डाग कोणीतरी हाताने आणले होते. खोटे म्हणून ज्याला आपण हसलो, ते कोणाच्या तरी महिनोन्‌महिन्यांच्या मजुरीचे काम होते. स्वप्न मोडले म्हणता? मला तर त्या दिवशी प्रथमच कळले की स्वप्नालाही मिस्त्री लागतो.

आणि ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला, तेव्हा लंका काही नाशकात सापडणार नव्हती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरातले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दामले-फत्तेलाल यांनी पुढे 'प्रभात'मध्ये 'संत तुकाराम' केला. तुकोबांना न्यायला आलेले ते गरुडाचे विमान १९३६ साली स्टुडिओतच तयार झाले, आणि ते पाहून माणसे हात जोडीत. त्यांना काय विमान लाकडाचे आहे हे कळत नव्हते? 'प्रभात'चा पुण्याचा स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. आमच्या सहलींच्या यादीत तो अजून आलेला नाही, ही सूचना जाता जाता संबंधितांना करते.

राग मला आमचाच येतो. चाळीस जणांपैकी प्रत्येकाने प्रभास कुठे उभा होता ते विचारले. त्या जागी फोटोसाठी रांग लावली, मीही लावली. हे केले कोणी, असे एकानेही विचारले नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर स्वतःला भक्त म्हणवते.

तो प्रश्न घरी आल्यावर आण्णांनी विचारला. कामावरून येऊन हातपाय धुऊन ते ओट्यावर बसले होते. मी मोबाइलवर फोटो दाखवीत होते.

"कशाचं हाय गं ह्ये?"

"फायबरचं, आण्णा. आतून पोकळ आहे."

"आन् केलं कुनी?"

मी मोठ्या ऐटीत साबू सिरिल हे नाव सांगितले. कलादिग्दर्शक म्हणजे काय तेही समजावले.

"त्ये सायेब झाले. हातानं कुनी केलं?"

मला सांगता आले नाही. त्यांनी माझा हसरा फोटो बोटांनी मोठा केला, मला बाजूला सारून मागचा खांब पुढे आणला, आणि बराच वेळ खालून वर पाहत राहिले.

"जोड कुटं दिसंना बग," ते म्हणाले, आणि मोबाइल घेऊन आईला दाखवायला आत गेले.