भाष्यकाराचा पराभव आणि बंगळूरचे महापौरपद

नगराच्या कारभारावर भाष्य करणारा लेखक निवडणुकीला उभा राहिला आणि पडला, की सुशिक्षित समाजात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक उपहासाची : लेखणी चालविणे निराळे आणि मते मिळविणे निराळे. दुसरी हळहळीची : चांगल्या माणसांचे हे क्षेत्रच नव्हे. या प्रतिक्रिया वरकरणी परस्परविरोधी दिसल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. भाष्यकाराने बोलावे, नगराने ऐकावे किंवा ऐकू नये. दोहोंमध्ये उत्तरदायित्वाचा संबंध असण्याचे कारण नाही, ही ती समजूत होय. ती लोकशाहीला जितकी घातक आहे, तितकीच गद्यालाही आहे.

बंगळूरचे उदाहरण या संदर्भात तपासण्यासारखे आहे. नागरी प्रश्नांचे भाष्यकार आणि 'इंडिया टुगेदर' या नियतकालिकाचे एक संस्थापक अश्विन महेश यांनी २०१३ मध्ये बोम्मनहळ्ळी मतदारसंघातून, आंध्रात स्थापन झालेल्या लोकसत्ता पक्षाच्या वतीने, विधानसभेची निवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले. येथे विचारावयाचा पहिला प्रश्न त्यांना मते किती पडली हा नव्हे. ज्याच्या लेखनाचा विषय नगर आहे, त्याला नगराचे नेतृत्व मागण्यासाठी विधानसभेच्या दारात का जावे लागावे, हा आहे.

उत्तर सरळ आहे. बंगळूरच्या मतदाराने महापौर कधी निवडलाच नाही. तो नगरसेवकांनी निवडावयाचा, आणि तोही दीर्घकाळ केवळ एका वर्षासाठी. शिवाय त्या मतदानात शहरातील आमदार-खासदारही सहभागी. २०१५ मध्ये १९८ प्रभागांपैकी १०० प्रभागांत भारतीय जनता पक्ष विजयी झाला, काँग्रेसला ७६ आणि जनता दलाला (धर्मनिरपेक्ष) १४ जागा मिळाल्या. महापौर मात्र काँग्रेसचा झाला. कोणत्या पक्षाचा लाभ झाला हा मुद्दा गौण आहे. मतदाराने दिलेला कौल आणि महापौराची निवड यांच्यात किती दरवाजे आहेत, हे त्यातून दिसले. पुढे २०२० च्या कायद्याने महापौराची मुदत तीस महिन्यांची केली. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सभागृहाची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, आणि त्या तीस महिन्यांचा लाभ घेणारा महापौर निवडलाच गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि त्यांच्या वर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. सर्व नगराने निवडून द्यावे असे एकही पद या रचनेत नाही. सारांश, बंगळूरमध्ये भाष्यकाराला महापौरपदासाठी हरण्याचादेखील अधिकार नाही.

हरण्याला अधिकार का म्हणावयाचे, हे न्यूयॉर्कच्या १९६५ च्या निवडणुकीवरून कळते. 'नॅशनल रिव्ह्यू'चे संपादक आणि स्तंभलेखक विल्यम बकली त्या वर्षी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या वतीने महापौरपदासाठी उभे राहिले. निवडून आलात तर प्रथम काय कराल, या प्रश्नावर फेरमोजणीची मागणी करीन, असे त्यांनी सांगितले होते. त्यांना सुमारे ३ लाख ४१ हजार, म्हणजे १३ टक्क्यांहून किंचित अधिक मते पडली. जॉन लिंडसे विजयी झाले. बकलींच्या कार्यक्रमात सेकंड अॅव्हेन्यूवर उंच सायकलमार्ग बांधण्यासारखी दूरदृष्टीची सूचना होती. दीर्घकाळ सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना शहराबाहेर वसविण्यासारखी निष्ठुर सूचनाही होती. परंतु या दोन्ही सूचना एका माणसाने, स्वतःच्या नावाने, सर्व नगरापुढे मांडल्या आणि नगराने त्या ऐकून बहुमताने नाकारल्या. स्तंभातील मताला असे उत्तर कधीच मिळत नाही. या पराभवातून 'द अनमेकिंग ऑफ अ मेयर' हे पुस्तक १९६६ मध्ये निर्माण झाले, ही साहित्याच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याची गोष्ट आहे.

कारण प्रश्न अखेर भाषेचा आहे. आपल्याकडील नागरी भाष्याचे गद्य पाहावे. 'रस्ते सुधारले पाहिजेत', 'तलाव वाचविले पाहिजेत', 'नियोजन झाले पाहिजे'. या वाक्यांना क्रियापद आहे, कर्ता नाही. कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणाची गैरसोय करून, याचे उत्तर द्यावे लागत नाही, तेव्हा गद्य तक्रारीच्या सुरात स्थिरावते आणि त्या सुरालाच निर्भीडपणा समजले जाते. उमेदवाराला मात्र 'मी करीन' असे म्हणावे लागते. कर्ता येताच खर्च येतो, प्राधान्यक्रम येतो, विरोधक येतो. वाक्याला वजन येते.

मराठी परंपरेला हे अपरिचित नाही. 'सुधारक'च्या इंग्रजी विभागाचे संपादन केलेले गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांनीही ते पद भूषविले. मताधिकार तेव्हा अत्यंत संकुचित होता, हे विसरून चालणार नाही. तरीही संपादकाची खुर्ची आणि नगराची खुर्ची यांच्यात सोवळेओवळे नव्हते. 'कर्नाटक' पत्राचे संपादक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये बंगळूरात सार्वजनिक व्यवहाराच्या अभ्यासासाठी संस्था काढली, तेव्हा तिला गोखल्यांचेच नाव दिले, हा योगायोग मानता येत नाही.

थेट निवडणूक झाली तर वाचाळ आणि लोकप्रिय माणसेच पुढे येतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश येथे महापौर थेट निवडला जातो. पण प्रशासनाच्या नाड्या आयुक्ताच्या हाती राहिल्या, तर निवडून आलेला माणूसही फीत कापण्यापुरता उरतो. म्हणून थेट निवडणुकीइतकीच अधिकारांची वाटणीही महत्त्वाची आहे. मात्र वाचाळपणाचे भय दाखवून मतदाराला दूर ठेवणाऱ्यांनी एवढे पाहावे, की वाचाळपणा फोफावतो तो जेथे उत्तर द्यावे लागत नाही तेथे. आणि दूरचित्रवाणीवरील भाष्यकाराला तर आज मतदाराला सामोरे जाण्याची गरजच उरलेली नाही.

तेव्हा पराभूत भाष्यकाराचा उपहास नको आणि त्याची कीवही नको. त्याची मते चुकीची असतील तर ती मतपेटीतून नाकारावीत. परंतु नाकारण्यासाठी पद हवे, सभागृह हवे आणि वेळेवर होणारी निवडणूक हवी. या तीन गोष्टी ज्या नगरात नाहीत, तेथे पराभूत झालेला असतो तो मतदार.