मूल वाचले, पुढे काय?

'मूल वाचले ना? मग देवाचे आभार माना आणि झाले-गेले विसरून जा,' असा सल्ला हृदयशस्त्रक्रिया झालेल्या बालकाच्या आईवडिलांना आपल्या धर्मग्रामांत सर्रास दिला जातो. आभार अवश्य मानावेत. विसरण्याचा सल्ला मात्र घातक आहे.

दर हजार नवजात बालकांपैकी सुमारे आठ-नऊ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. रायगडच्या किनाऱ्यावरील गरीब घरांना त्यावरील शस्त्रक्रियेचा खर्च एके काळी परवडणारा नव्हता. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, बालकांवर विनामूल्य हृदयशस्त्रक्रिया करणारे रुग्णालय आहे. मुले वाचू लागली, म्हणूनच त्यांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न उभा राहिला आहे.

अमेरिकेतील बोस्टन येथे १९८८ ते १९९२ या काळात, हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या १७१ तान्ह्या बालकांचा अभ्यास सुरू झाला. डॉक्टरांनी त्यांची पाठ सोडली नाही. सोळाव्या वर्षी तपासलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना तोवर अभ्यासात वा वर्तनात विशेष साहाय्य घ्यावे लागले होते. बुद्धी बहुतेकांची सर्वसाधारण होती. परंतु एकाग्रता, स्मरण, कामाची आखणी आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखणे यांत ती मागे पडत. अशा मुलांत चिंता आणि उदासीनताही अधिक आढळते. यात आईचा दोष नाही. सदोष हृदयामुळे गर्भातच मेंदूला प्राणवायू कमी पडू शकतो. त्यात शस्त्रक्रियेचा आणि अतिदक्षता विभागातील दिवसांचा ताण मिसळतो.

आपण काय करतो? घरी त्याला काचेचे भांडे समजतो. धावू देत नाही, रागावत नाही. शाळेत तेच मूल 'आळशी' ठरते. दोन्हीकडून त्याचा आत्मविश्वास खचतो.

'तपासण्या केल्याने मुलावर शिक्का बसेल,' असा आक्षेप घेतला जातो. शिक्का तर केव्हाच बसलेला असतो. तपासणीने तो पुसता येतो.

सरकारी यंत्रणेलाही हे ठाऊक असायला हवे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि विकासातील विलंब हे दोन्ही विषय आहेत. जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. मग छातीवर व्रण असलेले प्रत्येक मूल शाळाप्रवेशापूर्वी आणि पुन्हा किशोरवयात त्या केंद्राकडे आपोआप का पाठवले जाऊ नये? अशा मुलांचे नियमित मूल्यमापन व्हावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ सालीच सांगितले आहे. मूल्यमापन करणाऱ्यांनी घरची भाषाही विचारावी. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात. तेथील मुलाचे मराठी अडखळले, तर तो मेंदूचा दोष मानू नये.

पालकांनी शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत, शिक्षकांना विश्वासात घ्यावे, आणि मुलाला त्याच्या व्रणाची खरी हकिकत त्याला समजेल अशा शब्दांत सांगावी. हृदय दुरुस्त करण्यासाठी समाजाने पैसा उभा केला. त्या हृदयाच्या धन्याला वाऱ्यावर सोडण्याचा अधिकार मात्र आपल्याला कोणी दिलेला नाही.