शेऱ्याचा रकाना

शाळेचा मोठेपणा कशावरून ठरवावा, या प्रश्नाला जगभर एक सोपे उत्तर रूढ झाले आहे. त्या शाळेतून कोण कोण बाहेर पडले, त्यांची नावे पाहावीत. आपल्याकडील माध्यमिक शाळांच्या दर्शनी भिंतीवरही शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्यांची नावे वर्ष व टक्केवारीसह रंगविलेली असतात. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत 'आमचे नामवंत माजी विद्यार्थी' हे प्रकरण हटकून असते आणि त्यात मंत्री, न्यायाधीश, सनदी अधिकारी, शल्यविशारद व परदेशी स्थायिक झालेले अभियंते यांची छायाचित्रे ओळीने छापली जातात. यात वावगे काही नाही. आपल्या हाताखालून गेलेल्या मुलाने नाव काढले, याचा अभिमान शिक्षकाला वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि ही मोजपट्टी कोणाच्या मापाने तयार झाली, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या संदर्भात तर ते फारच अगत्याचे आहे.

या मोजपट्टीचे मूळ इंग्लंडमधील आणि तिच्या वसाहतींमधील मुलांच्या खासगी शाळांत सापडते. ऑस्ट्रेलियातील मेलबोर्न ग्रामर स्कूल ही १८५८ साली सुरू झालेली अशीच एक शाळा. आल्फ्रेड डीकिन, स्टॅन्ली ब्रूस आणि माल्कम फ्रेझर हे त्या देशाचे तीन पंतप्रधान या एका शाळेचे विद्यार्थी होते. एका शाळेने देशाला तीन पंतप्रधान द्यावेत, ही गोष्ट ऐकणाऱ्याला दिपवून टाकते. परंतु १९७५ ते १९८३ या काळात पंतप्रधान असलेले फ्रेझर हे मोठ्या पशुपालक जमीनदाराच्या घरातले होते आणि त्यांचे आजोबा त्या देशाच्या पहिल्या सिनेटचे सभासद होते, हे कळले की हिशेब थोडा बदलतो. भरमसाट शुल्क देऊ शकणाऱ्या, सत्तेच्या वर्तुळात आधीच वावरणाऱ्या घरांतील मुले शाळेने घेतली आणि काही वर्षांनी त्याच वर्तुळात परत पाठविली. अशा शाळेने विद्यार्थ्याला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण यादीतील किती श्रेय शाळेचे आणि किती जन्माचे, हे ती यादी कधीच सांगत नाही.

आपल्या राज्यात सातारा येथे १९६१ साली सुरू झालेली सैनिक शाळा या बाबतीत अधिक न्याय्य म्हणावी लागेल. तेथे प्रवेश परीक्षेवर होतो. २००९ ते २०११ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले प्रदीप नाईक हे तिचेच विद्यार्थी. चंद्रपूर जिल्ह्यातही बल्लारपूरजवळ विसापूर येथे २०१९ साली सैनिक शाळा सुरू झाली आहे. तिची यादी पुढे यथावकाश तयार होईल आणि जिल्ह्याला तिचा अभिमानही वाटेल. तरीसुद्धा येथे एक गोष्ट विसरता येत नाही. प्रवेश परीक्षा देण्यासाठी आधी त्या परीक्षेची भाषा यावी लागते, अर्ज भरणारे कोणी घरात असावे लागते आणि अशी शाळा अस्तित्वात आहे, हे माहीत असावे लागते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील ज्या मुलाच्या घरी माडिया बोलली जाते, त्याची पहिली परीक्षा मराठी समजण्याची असते. आणि ती कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर हेमलकसा येथील आश्रमशाळेचा विचार करावा. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला आणि त्या कार्यासाठी दोघांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखान्यामागोमाग १९७६ साली शाळा आली. त्या वेळी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. चंद्रपूरचे विभाजन होऊन तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी, ज्या समाजात अक्षरओळख असलेला माणूस शोधून सापडला नसता, तेथे ही शाळा चालली. तिच्यातून शिकून माडिया समाजातील तरुण डॉक्टर झाले. त्या समाजातील पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी हेही याच शाळेचे. ते २०१७ साली ग्रामसभांच्या पाठिंब्यावर गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून आले.

मेलबोर्नचे तीन पंतप्रधान आणि हेमलकशाचा एक वकील यांत अधिक अंतर कोणी कापले, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे. माणूस कोठे पोहोचला, एवढेच पाहून भागत नाही; तो कोठून निघाला, हेही पाहावे लागते. यादीला हे दुसरे टोक जोडले की नामवंत या शब्दाचा अर्थच पालटतो.

पण येथेच दुसरा धोका संभवतो. हेमलकसा हे नाव देशाला ठाऊक आहे. तेथे पाहुणे जातात आणि तेथील विद्यार्थ्यांबद्दल लिहिले-बोलले जाते. या दोन जिल्ह्यांतील बाकीच्या शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचे काय? चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड या पाच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांखाली त्या चालतात. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीच्या लोकसंख्येपैकी सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यांच्या मुलांपैकी पुष्कळांचे शिक्षण याच शाळांत होते. या मुलांचे पुढे काय झाले? दहावीचा निकाल किती टक्के लागला, हे दरवर्षी प्रसिद्ध होते. त्यानंतर मात्र सारे शांत असते.

वस्तुतः प्रत्येक शाळेत एक वही अशी असते की, जी कोणत्याही स्मरणिकेपेक्षा मोलाची आहे. तिला दाखलखारीज रजिस्टर म्हणतात. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडण्याचे कारण आणि सरतेशेवटी शेरा, अशा तिच्या रकान्यांची शिक्षकांना व लिपिकांना ओळख करून द्यायला नको. शाळा सोडल्याचा दाखला याच वहीवरून दिला जातो. कारणाच्या रकान्यात कोठे 'दहावी उत्तीर्ण' असते, कोठे 'पुढील शिक्षणासाठी', तर कोठे 'सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले'. हे शेवटचे वाक्य शासकीय दृष्ट्या पूर्ण आहे. परंतु ते मूल मोहफुले वेचायला गेले, तेंदूपानांच्या हंगामात घरच्यांबरोबर गेले, आजारी पडले, की न समजणाऱ्या भाषेला कंटाळून वसतिगृहातून पळाले, याचा त्यात पत्ता लागत नाही. पुढचा शेऱ्याचा रकाना बहुधा कोराच राहतो.

या वहीला किती वजन आहे, याचा अनुभव जातपडताळणीच्या वेळी येतो. अनुसूचित जमातीचा दावा तपासताना ६ सप्टेंबर १९५० या दिनांकापूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि त्यात आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील नोंदीला मोठे महत्त्व असते. ज्यांच्या पूर्वजांना शाळा लाभली, त्यांना ती एक ओळ उपयोगी पडते. ज्यांच्या गावात शाळाच १९५० नंतर पोहोचली, त्यांच्या हाती ती ओळ कोठून येणार? म्हणजे नोंद असणे व नसणे यांवर पुढच्या पिढ्यांचे प्रवेश व नोकऱ्या अवलंबून राहू शकतात, हे शासनाला पूर्ण मान्य आहे. मग आज शाळेत असलेल्या मुलांची पुढची नोंद ठेवणे हे निरर्थक काम आहे, असे कोणी कसे म्हणावे?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखाणी सुरू झाल्या आहेत. अशा ठिकाणी स्थानिकांना काय मिळाले, हा वाद उभा राहतो, तेव्हा स्थानिक तरुण पुरेसे शिकलेले नाहीत, हे उत्तर ठरलेले असते. ते खरे की खोटे, हे ठरवायला आपल्यापाशी आधार कोणता? आश्रमशाळेतून बाहेर पडलेले किती जण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेले, किती परिचारिका झाल्या, किती जण पदवीधर होऊन घरी बसले, हे शाळानिहाय हाती असेल, तर वाद आकड्यांवर होईल. दुसरे उदाहरण वनहक्कांचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली आणि धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने बांबूवरील हक्क प्रत्यक्षात आणून देशाला वाट दाखविली. आता अनेक ग्रामसभांना तेंदू व बांबूच्या विक्रीचे करार वाचावे लागतात, हिशेब ठेवावे लागतात, लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते. हे काम गावातलाच कोणी शिकलेला तरुण किंवा तरुणी करते. दहावीत तृतीय श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या आणि ठेकेदाराच्या करारातील एक लबाड कलम वेळीच ओळखणाऱ्या अशा माणसाला कोणत्या शाळेने नामवंत म्हटले आहे?

यावर शिक्षकांचा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचा एवढा बोजा आहे की, शिकवायला सवड मिळत नाही. त्यात आणखी एक तक्ता कशाला? म्हणून ही नोंद रोजची किंवा दरमहाची नसावी. शाळा सोडल्यावर दोन, पाच व दहा वर्षांनी विद्यार्थ्यामागे एक ओळ पुरे. प्रकल्प कार्यालयाने त्यासाठी स्वतंत्र लिपिक द्यावा आणि आज मागविले जाणारे दुहेरी-तिहेरी तक्ते रद्द करावेत. प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी माजी विद्यार्थ्यांना शाळेत बोलावले, तर निम्मे काम त्यांच्याच तोंडून होईल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. गडचिरोलीने चार दशकांहून अधिक काळ नक्षलवादी हिंसा सोसली. एकाच तालुक्यातील मुले पोलीस दलात गेली आणि दलमांतही गेली. कोण कोठे आहे, हे कागदावर लिहिणे म्हणजे एखाद्याचा जीव धोक्यात घालणे, अशी परिस्थिती येथे होती. तेव्हा ही नावनिशीवार माहिती भिंतीवर लावण्यासाठी नाही आणि पोलिसांच्या चौकशीसाठी तर मुळीच नाही, हे प्रथम निश्चित झाले पाहिजे. प्रसिद्ध व्हावेत ते आकडे. नाव प्रसिद्ध व्हावे ते ज्याचे त्याने संमती दिली तरच. ही काळजी न घेता सुरू केलेली वही सुरू न केलेलीच बरी.

भिंतीवरचा फळा काढून टाकावा, असे येथे सुचवायचे नाही. त्यावर डॉक्टर असावा, वकील असावा, वनरक्षक असावा. जंगलातून आलेल्या मुलीला आपल्या गावाकडचे, आपल्या आडनावाचे कोणी त्या फळ्यावर दिसणे, याचे मोल शहरातल्या शाळेला कळणार नाही. पण फळा हा शाळेचा अभिमान आहे. वही हा तिचा हिशेब आहे. नाव कमी केलेल्या मुलाचा हिशेब जी शाळा देऊ शकत नाही, तिच्या फळ्यावरील नावांचे श्रेय तिने किती घ्यावे, हाही प्रश्नच आहे. आदिवासी विकास विभागाने येत्या शैक्षणिक वर्षापासून, निदान या पाच प्रकल्पांत, दाखलखारीज रजिस्टरमधील शेऱ्याचा रकाना भरण्याचा आदेश काढावा. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. वही आहे, रकानाही आखलेला आहे. प्रश्न आहे तो त्या मुलांची पुढची हकिकत जाणून घेण्याची इच्छा आपल्याला आहे की नाही, एवढाच.