विश्लेषण : संमतीचे बहुसंबंध आणि समुपदेशकांचे प्रशिक्षण… गरज का?

नोकरी गेल्याने झोप उडालेली एखादी महिला समुपदेशकाकडे जाते. बोलण्याच्या ओघात सांगते, की तिचे दोन जोडीदार आहेत आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. तिथून पुढे नोकरी आणि झोप बाजूलाच राहतात, सुरू होते नात्याची उलटतपासणी. हे टाळण्यासाठी समुपदेशकांना प्रशिक्षण द्यावे, अशी मागणी अमेरिकेत होते आहे. ती रास्त आहे.

हे संबंध म्हणजे काय?

सर्व संबंधितांच्या माहितीने आणि संमतीने एकाहून अधिक व्यक्तींशी असलेले नाते. पॉलिअ‍ॅमरी, ओपन रिलेशनशिप हे त्याचेच प्रकार. चोरून ठेवलेल्या विवाहबाह्य संबंधांहून ते वेगळे. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकल प्रौढांपैकी दर पाचांत एकाहून अधिक जणांनी असे नाते कधी ना कधी अनुभवल्याचे सांगितले होते.

चुकते कुठे?

२०१८ मधील एका अभ्यासात अशा व्यक्तींना समुपदेशनाचा अनुभव विचारण्यात आला. नात्यालाच आजार ठरवणे, विषयाची माहिती नसणे आणि ती करून घेण्याची तयारीही नसणे, या गोष्टी त्यांना घातक वाटल्या. म्हणजे शुल्क अशिलाने भरायचे आणि शिकवायचेही त्यानेच! त्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या ४४व्या विभागाने या विषयावर कृतिगट नेमला.

प्रशिक्षणात काय हवे?

आधी स्वतःचे पूर्वग्रह ओळखणे. मग योग्य प्रश्न : जोडीदारांत काय ठरले आहे? वेळेची वाटणी कशी होते? मत्सर वाटला तर बोलता येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘हो’ खरेच मनापासून आहे का? जोडीदार सोडून जाईल या भीतीने दिलेला होकार ही संमती नव्हे. सरसकट नाके मुरडणाऱ्याला हा दबाव दिसत नाही, तसाच सरसकट माना डोलावणाऱ्यालाही दिसत नाही.

भारतात स्थिती काय?

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले, त्यामुळे व्यभिचार हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. मात्र तो घटस्फोटाचे कारण ठरू शकतो. हिंदू विवाह कायद्यानुसार पहिला विवाह कायम असताना केलेला दुसरा विवाह गुन्हाच आहे. हा फरक समुपदेशकाला ठाऊक हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण तोंड उघडताच उपदेश ऐकावा लागणार असेल, तर माणूस बोलणारच नाही.

असे नाते चांगले की वाईट, यावर समाजात मतभेद राहतील. समुपदेशकाचेही मत असेल. पण समोरची व्यक्ती झोप लागत नाही म्हणून आली असेल, तर उपचार झोपेवर व्हावेत, एवढी तिची अपेक्षा गैर नाही.